फुफ्फुसाचा जुनाट आजार आणि पावलं मोजण्याचा इतिहास

"दम लागतो का?" हा प्रश्न मी ओपीडीत दिवसातून वीसेक वेळा तरी विचारतो. काही वर्षांपूर्वी सत्तरीचे एक काका तपासणीला आले होते. सीओपीडीचे जुने पेशंट. विडी सुटून दहा वर्षं झालेली, इनहेलर नियमित चालू. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "काका, दम कसा आहे?" काका म्हणाले, "काही नाही डॉक्टर, अजिबात लागत नाही." मी खूश होऊन केसपेपर ओढला, तेवढ्यात शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "लागेल कसा? सकाळी खुर्चीत बसतात ते रात्री झोपायलाच उठतात. पाण्याचा तांब्यासुद्धा मीच हातात नेऊन देते."

काकू बोलल्या नसत्या तर मी "दम नाही, प्रकृती स्थिर" असं लिहून मोकळा झालो असतो. ही चूक एकट्या माझी नाही. वैद्यकशास्त्राने ती जवळजवळ दीडशे वर्षं केली. फुफ्फुसाचा पेशंट दवाखान्यात काय करू शकतो ते आपण मोजत राहिलो. घरी गेल्यावर तो दिवसभर खरोखर काय करतो हे पाहायला कमरेला बांधायचा एक पट्टा यावा लागला. त्या पट्ट्यापर्यंत आपण कसे पोचलो आणि त्याने काय दाखवलं, ते आज सांगतो.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. सीओपीडीमध्ये श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात आणि फुफ्फुसातले वायुकोश झिजतात. विडी-सिगारेट, चुलीचा धूर, कामाच्या जागची धूळ ही त्याची मुख्य कारणं. दम्याचा त्रास बराचसा येत-जात असतो, हा मात्र मुक्कामाला येतो. २०१६ साली भारतात याचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते असा अंदाज आहे. यातलं दुष्टचक्र असं: चाललं की दम लागतो, म्हणून माणूस चालणं टाळतो. चालणं कमी झालं की मांड्यांचे स्नायू बारीक होतात. बारीक झालेल्या स्नायूंना तेवढ्याच कामासाठी जास्त श्वास लागतो, म्हणजे दम आणखी लवकर लागतो. मग माणूस आणखी कमी चालतो. हे इतक्या हळूहळू होतं की घरच्यांच्याही लक्षात येत नाही. "वय झालं आता" म्हणून सगळे सोडून देतात.

आता मागे, १८४६ सालच्या लंडनमध्ये जाऊ. जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरांनी फुफ्फुसातली हवा मोजण्याचं यंत्र लोकांसमोर ठेवलं. पाण्यात एक भांडं उपडं घातलेलं, त्याला नळी जोडलेली. नळीतून फुंकलं की भांडं वर उचललं जायचं, आणि ते किती वर गेलं त्यावरून हवा मोजायची. हाच स्पायरोमीटर. हचिन्सन यांनी २१३० लोकांना त्यात फुंकायला लावलं. त्यात खलाशी होते, पोलीस होते, मुष्टियोद्धे होते, कंगाल माणसंही होती. विमा कंपन्यांना या यंत्राचा उपयोग होईल असं त्यांना वाटत होतं. पुढे ते सगळं सोडून ऑस्ट्रेलियाला गेले आणि १८६१ साली फिजी बेटांवर वारले. हा माणूस स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण आज नको.

पुढे १९४७ साली पॅरिसच्या तिफनो यांनी जोराने फुंकताना पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते हे मोजायची पद्धत आणली. आजही तुम्हाला "जोरात फुंका, अजून, अजून, अजून" असं ओरडून जी तपासणी करायला लावतात, तिचा मूळ गाभा हाच. चांगली तपासणी आहे. निदान त्यावाचून पक्कं होत नाही. पण त्या आकड्यावरून माणूस कसा जगतो ते कळत नाही. फुंकण्याचा आकडा अगदी सारखा असलेले दोन पेशंट माझ्याकडे आहेत. एक रोज गोठ्यातलं शेण काढतो, दुसरा अंघोळीलाही स्टुलावर बसतो.

ही तफावत ज्यांना नीट दिसली त्यांपैकी एक म्हणजे चार्ल्स फ्लेचर. दक्षिण वेल्समध्ये कोळशाच्या खाणी, आणि खाणकामगारांच्या फुफ्फुसात साचलेली धूळ. त्याचा अभ्यास करायला १९४५ साली एक संशोधन केंद्र निघालं, त्याचे फ्लेचर पहिले संचालक. (ऑक्सफर्डमध्ये १९४१ साली एका आजारी पोलिसाला पेनिसिलिन टोचणारे तरुण डॉक्टर ते हेच.) कामगाराला किती त्रास होतो हे ठरवायला त्यांनी अगदी साधे प्रश्न वापरले. सपाट रस्त्यावर घाईने चालताना किंवा थोडा चढ चढताना दम लागतो का? बरोबरीच्या वयाच्या माणसांपेक्षा हळू चालावं लागतं का? शंभरेक यार्डांवर थांबावं लागतं का? कपडे घालतानाही दम लागतो का, घराबाहेर पडणं बंद झालंय का? जगभरचे डॉक्टर आजही थोड्या फरकाने हेच प्रश्न विचारतात. मीही विचारतो.

हे सगळे प्रश्न रोजच्या चालण्याबद्दल आहेत. म्हणजे डॉक्टरांचं लक्ष पहिल्यांदाच पेशंटच्या रस्त्याकडे, घराकडे वळलं. पण उत्तर पेशंटच्या तोंडून यायचं होतं. जो चढावर जातच नाही तो "चढावर दम लागत नाही" म्हणणारच. आमच्या काकांचं तेच झालं होतं.

त्या काळात सल्लाही उलटा होता. दम लागतो ना, मग विश्रांती घ्या, पायऱ्या चढू नका, पडून राहा. न्यूयॉर्कचे अल्वन बराक यांनी १९५०च्या दशकात लिहिलं की प्राणवायू देऊन हळूहळू चालायला लावलं तर असे पेशंट सुधारतात. त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९६०च्या दशकात डेन्व्हरचे टॉम पेटी पेशंटना खांद्यावरून नेता येईल असा प्राणवायू देऊन चालवू लागले, तेव्हा कुठे वारं बदललं. आपल्याकडे मात्र "आराम करा" हा सल्ला अजून घरोघरी दिला जातो, तोही प्रेमापोटी. सून पाणी हातात आणून देते, मुलगा औषधं आणतो, नातू चपला पुढे करतो. कुणाला दोष देणार? पण त्या प्रेमाने मांडीचे स्नायू बारीक होतात हे खरं आहे.

चालायला लावायचं तर चालणं मोजायलाही हवं. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली सैनिकांचा दमसास पाहायला बारा मिनिटं पळण्याची चाचणी काढली होती. ब्रिटनमधल्या मॅकगॅव्हिन, गुप्ता आणि मॅकहार्डी या तिघांनी १९७६ साली तीच जुनाट ब्रॉन्कायटिसच्या पेशंटसाठी बारा मिनिटं चालण्याची केली. दम लागलेल्या माणसाला बारा मिनिटं जड जातात, म्हणून १९८२ साली दोन, सहा आणि बारा मिनिटांची तुलना झाली आणि सहा मिनिटांवर एकमत होत गेलं. आता हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्यात दोन टोकांना खुणा ठेवून सहा मिनिटं चालवतात ती हीच चाचणी.

व्हरांड्यात मात्र नर्स घड्याळ घेऊन उभी असते. पेशंट इस्त्रीचा शर्ट घालून आलेला असतो आणि डॉक्टरांसमोर जीव तोडून चालतो. घरी कोण बघतंय?

घरी बघायचं तर यंत्रच हवं. पावलं मोजण्याची यंत्रं तशी जुनीच. लिओनार्दो दा विंचीच्या चित्रांत तसल्या कल्पना सापडतात. लोकांच्या कमरेला हे यंत्र खऱ्या अर्थाने लागलं ते जपानमध्ये. टोकियोत १९६४ साली ऑलिम्पिक झालं, लोकांना व्यायामाची हौस आली, आणि १९६५ साली एका कंपनीने 'मान्पो-केई' नावाचं यंत्र विकायला काढलं. नावाचा अर्थच "दहा हजार पावलं मोजणारं". तुम्ही सगळे मला विचारता ना, "डॉक्टर, दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का?" त्या आकड्याचं मूळ या विक्रीच्या नावात आहे. फुफ्फुसाच्या पेशंटसाठी तो कुणी कधी ठरवला नव्हता. हा आकडा ऐकून निराश होऊन घरी बसलेले पेशंट मी पाहिलेत, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

जुन्या यंत्रात स्प्रिंगला टांगलेला एक छोटा दांडा असायचा. पाऊल पडलं की कमरेला हिसका बसतो, दांडा हलतो, आकडा एकने वाढतो. अडचण अशी की हळू, पाय ओढत चालणाऱ्या माणसाच्या कमरेला पुरेसा हिसकाच बसत नाही. म्हणजे ज्यांची पावलं मोजायची सगळ्यांत जास्त गरज, त्यांचीच पावलं हुकायची. मग त्वरणमापक आले. वेगात होणारा बदल ओळखणारे हे संवेदक. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावरून अंगावर बाळगण्याजोगं यंत्र तयार झालं. पुढे १९९०च्या दशकात मोटारीतली एअरबॅग टक्कर होताच उघडावी म्हणून असा संवेदक बोटाच्या पेराएवढ्या चिपवर बसवला गेला आणि तो स्वस्त झाला. आज तुमच्या मोबाइलमध्ये आणि नातवाच्या घड्याळात त्याच जातीची चिप आहे.

जर्मनीतल्या डॉक्टरांनी १९९७ साली फुफ्फुसाच्या जुनाट पेशंटच्या कमरेला हालचाल मोजणारं छोटं यंत्र लावून पाहिलं. निरोगी माणसांपेक्षा हालचाल स्पष्टपणे कमी निघाली. अमेरिकेत सिएटलच्या गटाने २००० साली तिन्ही दिशांची हालचाल टिपणारं यंत्र वापरलं. पण ज्या अभ्यासाने आम्हा डॉक्टरांचे डोळे उघडले तो बेल्जियममधल्या लुव्हेनचा, २००५ सालचा. फाबिओ पिट्टा हे ब्राझीलचे फिजिओथेरपिस्ट तिथे संशोधन करत होते. त्यांच्याकडे कमरेचा पट्टा होता आणि त्याला जोडलेला एक संवेदक मांडीवर. त्यामुळे नुसती पावलं कळायची असं नाही, माणूस चालतोय, उभा आहे, बसलाय की आडवा झालाय हेही कळायचं.

आधी त्यांनी पट्ट्याचीच परीक्षा घेतली. पेशंटचं व्हिडिओ चित्रण केलं, पट्ट्याची नोंद घेतली आणि पेशंटला विचारलं, तुम्ही किती वेळ चाललात? पट्टा व्हिडिओशी छान जुळला. पेशंट मात्र चालल्याचा वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगत होते. यात खोटेपणा नाही. ज्याला दहा मिनिटं चालणं अर्ध्या तासासारखं वाटतं, तो अर्धा तासच सांगणार.

मग त्यांनी ५० पेशंट आणि साधारण त्याच वयाचे २५ निरोगी लोक घेतले आणि दिवसातले १२ तास नोंद केली. निरोगी माणसं सरासरी ८१ मिनिटं चालत होती, पेशंट ४४. निरोगी २९५ मिनिटं उभे असायचे, पेशंट १९१. आणि मला सगळ्यांत खुपला तो आकडा: दिवसाउजेडी आडवं पडून राहण्याचा वेळ निरोगी लोकांत २९ मिनिटं, पेशंटमध्ये ८७. ही माणसं हॉस्पिटलात दाखल नव्हती. आजार स्थिर असलेली, आपल्या घरी राहणारी, आपण ज्यांना "ठीक चाललंय" म्हणतो ती माणसं होती.

त्याच गटाने पुढच्या वर्षी आजार अचानक बळावल्यामुळे दाखल झालेल्या १७ पेशंटना पट्टा लावला. दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी उभं राहणं आणि चालणं मिळून दिवसाच्या वेळेतले जेमतेम ७ टक्के, सातव्या दिवशी ९ टक्के. घरी जाऊन महिना झाल्यावरही १९ टक्केच. डिस्चार्ज मिळाला म्हणजे माणूस बरा झाला असं आपण धरून चालतो. पट्टा सांगत होता की महिन्यानंतरही तो उठलेलाच नाही.

पिट्टांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मात्र आम्हा डॉक्टरांच्या वर्मावर बोट ठेवणारा होता. फुफ्फुस पुनर्वसन म्हणजे देखरेखीखाली सायकल, चालणं, वजनं उचलणं, श्वासाचे व्यायाम. सीओपीडीत याइतका गुण देणारे उपाय थोडेच आहेत. तीन महिन्यांनी पेशंटची ताकद वाढली, सहा मिनिटांतलं अंतर वाढलं. घरचं चालणं? फारसं बदललं नव्हतं. ते वाढलेलं दिसायला सहा महिने लागले. पायात बळ आलं तरी सवय खुर्चीचीच होती. आम्ही व्हरांड्यातला आकडा बघून टाळ्या वाजवत होतो.

हे इतकं महत्त्वाचं का? डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या हजारो नागरिकांवर वर्षानुवर्षं चाललेल्या एका अभ्यासातून २००६ साली दिसलं की सीओपीडी असूनही जे नियमित चालत-फिरत होते, त्यांना हॉस्पिटलात कमी वेळा दाखल व्हावं लागलं आणि त्यांच्यात मृत्यूही कमी झाले. तिथे लोकांना विचारून माहिती घेतली होती. जर्मनीत २०११ साली तेच दंडावर पट्टा बांधून तपासलं गेलं. सुमारे १७० पेशंटचा चार वर्षं पाठपुरावा केला, त्यात २६ जण दगावले. फुंकण्याचा आकडा, हृदयाच्या तपासण्या, रक्ताच्या तपासण्या, सहा मिनिटांचं चालणं, सगळं पाहिलं. कोण जगेल, कोण जाईल, याचा सगळ्यांत चांगला अंदाज रोजच्या हालचालीने दिला.

इथे एक खडा टाकून ठेवतो. चालत नव्हते म्हणून गेले, की आतून खंगत होते म्हणून चालत नव्हते? असल्या अभ्यासातून हे पक्कं सुटत नाही. बहुधा दोन्ही थोडं थोडं खरं असावं. शिवाय पट्टा बांधला की पहिले एक-दोन दिवस माणूस मुद्दाम जास्त चालतो, पावसात कमी चालतो, रविवारी लोळतो. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवायचं नसतं, निदान चार-पाच दिवस तरी बघावे लागतात.

पावलांबरोबर त्रासही मोजावा, हे पुढच्या टप्प्यावर आलं. दोन माणसं तीन-तीन हजार पावलं चालली. एक सहज, दुसरा चार वेळा भिंतीला टेकून. आकडा सारखाच. युरोपातल्या 'प्रोॲक्टिव्ह' प्रकल्पाने पेशंटशी बोलून छोटी प्रश्नावली तयार केली आणि संवेदकाच्या आकड्याबरोबर ती जोडली: किती हालचाल केली, आणि ती किती जड गेली. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१८ साली या मोजमापाला मान्यता दिली. नवं औषध दिल्यावर पेशंट घरी जास्त वावरू लागला का, हा प्रश्न आता औषधाच्या चाचणीतही रीतसर विचारता येतो.

आणि दहा हजारवाल्यांसाठी खास: किती वाढ झाली तर ती उपयोगाची, हेही २०१६ साली तपासलं गेलं. उत्तर आलं, रोज साधारण ६०० ते ११०० पावलं. म्हणजे घरातून निघून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन परत येणं.

नुसतं यंत्र बांधून पावलं वाढतात का? पावलं मोजणारं यंत्र, मोबाइलवर रोजचं लक्ष्य आणि मागे पडलेल्याला फोन, अशा मार्गाने बारा आठवड्यांत चांगली वाढ झाल्याचं २०१७ साली युरोपातल्या सहा केंद्रांनी दाखवलं. स्पेनच्या कातालोनियात ४०० हून अधिक पेशंटना त्यांच्याच वस्तीतले चालण्याचे रस्ते आखून दिले. वर्षभराने सगळे मिळून पाहिलं तर फरक दिसला नाही. ज्यांनी खरंच सल्ला पाळला, त्यांच्यात दिसला. हे वाचून मला हसूच आलं, कारण माझ्या ओपीडीतही तसंच आहे.

आपल्याकडे हे मोजताना एक वेगळी अडचण आहे. विडी कधी ओढली नाही, पण तीस-चाळीस वर्षं चुलीपुढे बसल्या, अशा बायका सीओपीडी घेऊन येतात. धूम्रपान न करणाऱ्यांतल्या या आजाराकडे जगाचं लक्ष वेधणाऱ्यांत पुण्याचे डॉ. संदीप साळवी आहेत. त्यांनी पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लिहिलं. आता या बाईचा दिवस पट्ट्याने मोजा. ती उकिडवी बसून भांडी घासते, भाजी निवडते, फरशी पुसते. कमरेचा पट्टा याला "बसलेली" म्हणू शकतो. मनगटावरचं घड्याळ उलट पोळ्या लाटतानाही पावलं मोजू शकतं. म्हणून बायकांच्या बाबतीत मी आकडा बघतो, पण आधी सकाळपासून काय काय केलं ते विचारतो. काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्यांचाही आकडा कमीच येतो, तो मनाला लावून घेऊ नये.

एक सूचना. हे वाचून उद्या सकाळी एकदम चालत सुटू नका. चालताना प्राणवायू खाली जातो का हे एकदा तपासून घ्या. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, पायावर सूज असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

काकांचं काय झालं? त्यांनी नातवाचं घड्याळ आठ दिवस वापरलं. सरासरी आली दिवसाला ९०० च्या आसपास. स्वतःच म्हणाले, "एवढीच?" प्राणवायू तपासला, इनहेलर नीट घ्यायला शिकवलं, आणि आठवड्याला शंभर-दीडशे पावलं वाढवायची एवढंच ठरवलं. पाण्याचा तांब्या काकूंनी द्यायचा नाही हेही ठरलं, त्यावर काकूंनीच जास्त कुरकुर केली. मध्ये पावसाळ्यात दोन महिने सगळं बंद पडलं. दिवाळीनंतर पुन्हा आले तेव्हा मी विचारलं, "काका, दम लागतो का?"

"लागतो ना," काका म्हणाले. "मारुतीच्या देवळाच्या चढावर. दोनदा थांबावं लागतं."

प्राणवायू ठीक होता, छातीही नेहमीसारखीच. मी केसपेपरवर लिहिलं: देवळापर्यंत जातात. चढावर दम.